ऑइल कधी बदलायचं, हे ठरवायचं कुणी?

एक साधा प्रश्न. तुम्ही रोज जी गाडी चालवता, तिचं इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललं? ‘मागच्या सर्व्हिसिंगला’ हे उत्तर चालणार नाही. तारीख सांगा. त्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते ते सांगा. कुठल्या ग्रेडचं ऑइल घातलं ते सांगा. नाही ना आठवत? फोनची बॅटरी किती टक्के आहे, आजचा डेटा किती उरलाय, सबमिशनला किती दिवस राहिलेत, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण ज्या यंत्रावर बसून आपण रोज कात्रजहून शिवाजीनगरला किंवा सातपूरहून कॉलेज रोडला जातो, त्याच्या पोटात काय आहे याचा पत्ता नसतो.

विचारायला जावं तर उत्तरांची काही कमी नाही. बाबा म्हणतात, तीन हजार. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, ‘दोन हजारला आणत जा, इंजिन एकदम मख्खन राहील.’ घरच्या कारच्या पुस्तकात लिहिलेलं असतं १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. आणि होस्टेलवर एक तरी सर्वज्ञ मित्र असतोच, जो सांगतो, ‘सिंथेटिक टाक रे, पंधरा हजार बघायचं पण नाही.’ दोन हजारापासून पंधरा हजारापर्यंत! मेसच्या बिलात एवढी तफावत निघाली असती तर आपण मोर्चा काढला असता. इथे मात्र जो शेवटी बोलला त्याचं ऐकतो आणि गाडी सोडून येतो.

माझं म्हणणं असं, की यातला एकही आकडा सरळसरळ खोटा नाही. फक्त तो तुमच्या गाडीचा नाही. बाबांचा तीन हजार त्यांच्या काळातल्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा आणि साध्या मिनरल ऑइलचा आहे. त्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल खाली झिरपून ऑइल पातळ व्हायचं, तेव्हा तो आकडा शहाणपणाचाच होता. अमेरिकेतही असाच एक आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालला, तीन हजार मैल, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर. इंजिनं सुधारली, तेलं सुधारली, तरी लोक तीन हजार मैल झाले की गॅरेजमध्ये हजर. शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा-पुनर्वापर विभागाला मोहीम काढून सांगावं लागलं, की बाबांनो, आधी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा तरी बघा. दुसरीकडे युरोपात फोक्सवॅगनच्या काही गाड्यांना खास तेलावर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा असते. भारतात हीच कंपनी १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. नाव तेच आणि मुदत निम्मी. कारण आकडा नुसत्या इंजिनावर ठरत नाही; धूळ, ऊन, ट्रॅफिक, पेट्रोल, चालवायची पद्धत हे सगळं त्यात येतं.

मग ऑइल खराब होतं म्हणजे नक्की काय होतं? ऑइल म्हणजे नुसता गुळगुळीतपणा नव्हे. ते पिस्टन आणि बेअरिंगमधली उष्णता वाहून नेतं, जळणातून आलेली काजळी धरून ठेवतं, आम्लं मारतं, गंज अडवतं. या कामांसाठी त्यात रसायनं मिसळलेली असतात आणि ती वापरात खर्च होत जातात. तेल शिल्लक राहतं, त्यातला दम संपतो. म्हणूनच ‘बघा, किती काळं झालंय!’ या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. काळं झालं याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की ते काजळी पकडण्याचं आपलं काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं तेल काही दिवसांत काळंभोर होतं. बोटावर घेऊन चोळून ‘गेलंय हे’ असं सांगणारे कारागीर मला आवडतात, त्यांच्या हाताला कळतंही बरंच काही, पण रंगावरून तारीख ठरत नाही. एकच रंग दिसला तर मात्र खरंच थांबा. चहात दूध घातल्यासारखं दुधाळ तेल. त्याचा अर्थ आत पाणी गेलंय, आणि तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

पाण्यावरून आठवलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं गणित आहे, करून बघा. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की नळीच्या टोकाला थेंब दिसतात ते त्याचेच. पण इंजिन थंड असताना यातलं थोडं पाणी आणि थोडं कच्चं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतं. पुढे गाडी चांगली तापली तर ते उडून जातं. आणि नाही तापली तर? तर तिथेच बसतं. आता तुमचा रोजचा प्रवास आठवा. फ्लॅटपासून कॉलेज दोन किलोमीटर, कॉलेजपासून क्लास दीड किलोमीटर, तिथून अमृततुल्य चारशे मीटर. दर वेळी थंड इंजिन, दर वेळी पाच मिनिटांत बंद. तेल नीट तापायला दहा-पंधरा मिनिटं तरी सलग चालावं लागतं. महिन्याला फक्त दोनशे किलोमीटर होतात म्हणून आपण निवांत असतो, आणि तेलाच्या दृष्टीने हेच सगळ्यात वाईट दोनशे असतात.

किलोमीटरचा हिशेब आणखी एका ठिकाणी फसवतो. समजा शहरात तुमच्या कारचा सरासरी वेग ताशी २० आहे. संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीतून निघणाऱ्यांना हाही आकडा आशावादी वाटेल. या वेगाने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन ५०० तास चालतं. तीच गाडी द्रुतगती मार्गावर ताशी ८० ने गेली तर १२५ तासांत तेवढंच अंतर संपतं. मीटरवर दोघांचे दहा हजार, पण एका इंजिनाने चौपट वेळ काम केलं, आणि तेही सिग्नलला उभं राहून, गरम हवेत, एसी लावून. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरचं ऑइल किलोमीटरवर कुणी बदलत नाही, तासांवर बदलतात, साधारण अडीचशेच्या आसपास. गावाकडचा चुलतभाऊ तासांच्या मीटरकडे बघून जे सहज ठरवतो, ते शहरातली इंजिनिअरिंगची पोरं ठरवू शकत नाहीत, ही मला जरा गंमतच वाटते. ट्रॅक्टरचा आकडा उचलून कारला लावू नका, इंजिनं वेगळी आहेत. पद्धत तेवढी उचला.

मॅन्युअल नावाची जी वस्तू डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून असते, तिच्यात हे सगळं लिहिलेलं असतं. पण आपण ठळक अक्षरातला आकडा वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्याच्या खाली किंवा पुढच्या पानावर ‘खडतर वापर’ असा एक तक्ता असतो. वारंवार छोटे प्रवास, धुळीचे रस्ते, थांबत-थांबत चालणं, बराच वेळ उभ्या जागी इंजिन चालू ठेवणं, ओझं ओढणं; यातलं काही तुमच्या वापरात असेल तर ऑइल लवकर बदला, असं तिथे सांगितलेलं असतं. आता मला सांगा, पुण्या-ठाण्या-नाशकात खोदकामाशेजारून जाणारी कुठली गाडी या यादीत बसत नाही? कंपनीच्या भाषेत जो अपवाद आहे, तोच आपला नेहमीचा दिवस. तेव्हा १०,००० वाली कार फक्त शहरातच फिरत असेल तर मी ती पाच ते सात हजारांत नेईन. वर्षातून चार-पाच वेळा कोल्हापूर-सोलापूर करणारी आणि बाकी वेळ कव्हरखाली झोपणारी असेल तर किलोमीटर कितीही कमी असोत, वर्ष झालं की बदलेन. आणि रोज हायवेवर लांब पल्ला मारणारी असेल, तर दहा हजारांच्या आधी बदलायला कुणी कितीही आग्रह केला तरी ‘नको’ म्हणेन.

हे ‘नको’ म्हणता यायला हवं. कारण या व्यवहारात प्रत्येकाचं आपापलं गणित असतं. लवकर बदलण्यात गॅरेजचा फायदा आहे, हे उघड आहे. लांबवण्यात कुणाचा फायदा आहे, हे तितकंसं उघड नाही. सर्व्हिसची मुदत जितकी लांब, तितका जाहिरातीत देखभालीचा खर्च कमी दिसतो. वॉरंटी काही वर्षांची असते आणि तेवढ्या काळात बहुतेक इंजिनं व्यवस्थितच चालतात. पहिला मालक गाडी विकून मोकळा होतो. तेलाचा चिखल साचून बारीक वाटा बुजल्या, व्हॉल्व्हचा आवाज यायला लागला, गाडी ऑइल खायला लागली, निळा धूर मारायला लागली, ही सगळी प्रकरणं दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात. आणि हा तिसरा मालक कोण असतो? वीस-बावीस वर्षांचा, पार्टटाइम नोकरीचे साठवलेले पैसे आणि आजीने हातावर ठेवलेले पैसे मिळून पहिली गाडी घेणारा किंवा घेणारी. म्हणजे तुम्ही. ज्याने ऑइलचे पैसे वाचवले तो वेगळा, आणि ज्याने इंजिनाचं काम काढलं तो वेगळा.

आता बाइकवाल्यांसाठी. कारचा आकडा बाइकला लावायचा नाही. कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात आंघोळ करतात. गिअरचे दात ते तेल सतत चिरडत असतात, क्लचच्या प्लेटांचा भुगा त्यातच उतरतो. वर ते तेल असतं जेमतेम लिटरभर, आणि इंजिन थंड करायला बहुधा फक्त वारा. म्हणून बाइकच्या पुस्तकांत आकडे लहान असतात. तीन हजार, पाच हजार, सहा हजार, गाडीप्रमाणे वेगळे. घरी कारचं उरलेलं भारीतलं ऑइल आहे म्हणून ते बाइकमध्ये ओतणारे महाभाग आहेत. ओल्या क्लचच्या बाइकला डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं तेल लागतं. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो, रेस वाढते आणि गाडी पुढे जात नाही. बिनगिअरच्या स्कूटरचं क्लच कोरडं असतं, तिच्यासाठी ‘एमबी’ चालतं. तसंच जाडीचं. ‘उन्हाळा आहे, जाड टाकू’ हा सल्ला सुटसुटीत वाटतो, पण पुस्तकात ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या नव्या इंजिनात २०डब्ल्यू-४० ओतून उन्हाळ्यावर उपाय होत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला तेल वरपर्यंत पोहोचायला उशीर तेवढा होतो.

डिलिव्हरीचं काम करत शिकणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांचा हिशेब वेगळाच मांडायला हवा, कारण त्यांच्यासाठी गाडी म्हणजे पोट आहे. दिवसाला ८० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला २,०००. घरच्यांचं ‘तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग’ हे कॅलेंडर इथे थेट सहा हजारांवर जातं. उरलेल्यांचे दोन महिन्यांत पाचशे होत नाहीत, यांचे चार हजार होतात. खर्चाचं बोलायचं तर मजुरी धरून एका वेळचे साडेचारशे रुपये समजू. तीन हजाराला बदललं तर किलोमीटरमागे १५ पैसे पडतात. दोन हजाराला बदललं तर साडेबावीस. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज ४५ धरलं, तर त्याच किलोमीटरला पेट्रोल सव्वादोन रुपयांच्या वर जातं. वर्षाला १२,००० किलोमीटर करणाऱ्याला दोन हजार आणि तीन हजार या दोन सवयींतला फरक पडतो नऊशे रुपये. तो उगाच घालवायची गरज नाही, पुस्तकात तीन हजार असेल तर तीन हजारच करा. पण पुस्तकातला आकडा ओलांडून चार-साडेचार हजारांपर्यंत खेचून जे काही शंभर रुपये वाचतात, त्यांचा आणि बोअर-पिस्टनच्या कामात गाडी आठवडाभर उभी राहण्याचा मेळ बसत नाही. त्या आठवड्यात कमाई शून्य, हप्ता मात्र चालू.

खरं सांगू का, या सगळ्या तीन हजार-दहा हजारच्या वादापेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कुणीच भांडत नाही. आत तेल आहे का? इंजिनं उशिरा बदललेल्या तेलापेक्षा कमी पडलेल्या तेलाने जास्त पटकन मरतात. आठशे मिलिलिटर तेलाच्या बाइकने दोनशे जाळलं की पाव भाग गेला. डॅशबोर्डवर काही दिसत नाही, आवाज किंचित बदलतो, हेल्मेटमध्ये गाणी चालू असतात. एके दिवशी खंबाटकी घाटात इंजिन बसतं. ज्याने तेल दीड हजार किलोमीटरपूर्वीच बदललं होतं त्याचंही बसतं. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी, बाइक असेल तर सरळ उभी, साइड स्टँडवर नव्हे. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, तेल खाली उतरायला थोडा वेळ द्यायचा, काडी काढून स्वच्छ पुसायची, पुन्हा घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. काही दुचाकींत काडीचे आटे फिरवून मोजायचं असतं, काहींत नुसती टेकवून. हे तेवढं पुस्तकात बघा. काही बाइकना काडीऐवजी काचेची छोटी खिडकी असते, ती तर चहा पिता पिता दिसते. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट, तेलाला फेस येतो. आणि नव्या डिझेल कारमध्ये पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, न जळलेलं डिझेल खाली उतरतंय, छोट्या प्रवासांचा तोही एक प्रताप.

कारच्या डॅशबोर्डवर झारीच्या आकाराचा लाल दिवा असतो. तो ‘ऑइल बदलायची वेळ झाली’ असं सांगत नाही. तेलाचा दाब पडलाय असं सांगतो. घर दोनच किलोमीटरवर आहे म्हणून पुढे जायचं नाही. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्यायची, इंजिन बंद, फोन काढायचा.

मुलींसाठी वेगळं लिहावं लागू नये, पण लागतं. ‘ताई, घरी कुणी असेल तर त्यांना पाठवा’ हे वाक्य ऐकलं नाही अशी स्कूटरवाली मला अजून भेटलेली नाही. त्याच गॅरेजमध्ये तिच्या धाकट्या भावाला, ज्याला अजून लायसन्सही नाही, पूर्ण माहिती दिली जाते. यावर भाषण देण्यापेक्षा तीन प्रश्न बरे पडतात: कुठल्या ग्रेडचं टाकताय, किती मिलिलिटर टाकताय, जुनी जाळी किंवा फिल्टर काढून दाखवता का? हे विचारलं की समोरच्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा परत न वापरता येईल असा भोसकून टाका, कारण अस्सल ब्रँडच्या रिकाम्या डब्यांत भलतंच तेल भरून विकण्याचा धंदा आहे. आणि ‘इंजिन फ्लश मारू का, ॲडिटिव्ह टाकू का’ असं विचारलं तर वेळच्या वेळी तेल बदललेल्या गाडीला त्याची गरज नसते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी डोकेफोड कशाला? लवकर बदलून टाकावं, चार पैसे जास्त गेले तर गेले. पैशाचा प्रश्न असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण ते काढलेलं काळं ऑइल जातं कुठे, हे कधी बघितलंय? काही ठिकाणी बाजूला ड्रम असतो, त्यात साठवून ते पुनर्प्रक्रियेला जातं. काही ठिकाणी ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला विकलं जातं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लोक कॅनमधून घेऊन जातात. आणि काही ठिकाणी फरशी धुतली की ते सरळ गटारात जातं, तिथून नाल्यात, नाल्यातून मुठेत, गोदावरीत, मिठीत. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की एका ऑइल-चेंजमधलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. आपल्याकडे २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, आणि एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया होईल हे बघण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे. कागदावर सगळं ठीक आहे. गल्लीतल्या गॅरेजपर्यंत ते किती पोहोचलं, हे तुम्हीच जाऊन बघा आणि विचारा, ‘काका, हे तेल कुणाला देता?’ गरजेपेक्षा दुप्पट वेळा तेल बदलणारा माणूस स्वतःला गाडीची काळजी घेणारा समजतो, पण त्याच्यामुळे हा काळा कॅनही दुप्पट भरतो. घरी पार्किंगमध्ये स्वतः ऑइल बदलणाऱ्या हौशी मंडळींनी तर यावर आधी विचार करावा. व्हिडिओ बघून नट खोलता येतो, पण तीन लिटर तेलाचं पुढे काय करायचं, ते व्हिडिओ संपल्यावर कळतं.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे ते इथपर्यंत वाचून हसत असतील. हसा. तुमचे टायर आणि ब्रेक या विषयावर पुन्हा कधीतरी.

उरलेल्यांनी आज एक काम करा. फोनच्या नोट्समध्ये गाडीच्या नावाने एक पान उघडा. तारीख, किलोमीटर, ग्रेड, किती पैसे, कुठे, एवढंच. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, त्यातला साधा आकडा आणि खडतर वापराचा आकडा दोन्ही उतरवून घ्या. मग आपला महिना कसा जातो ते बघून दोन्हींतला कुठला आपला, ते ठरवा. बाबांनी तीन हजारचा आग्रह धरला तर हे पान त्यांना दाखवा. बहुधा वाद होईल. होऊ द्या, निदान या वेळी तो आकड्यांवर होईल.

आणि नाना पेठेतून पार्ट आणून जोडलेली, पॉलिश मारून चकचकीत केलेली जुनी बाइक किंवा कुणाची तरी ‘सिंगल हँड’ कार बघायला जाल, तेव्हा आधी तेल घालायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. तिथे काळा घट्ट चिखल असेल तर किंमत काहीही असो, दुसरी गाडी बघा. स्वच्छ असेल तर ऑइल-चेंजची बिलं मागा. बिलं नसतील आणि तरीही गाडी आवडली असेल, तर घेतल्याच्या दिवशीच ऑइल आणि फिल्टर बदला, मीटरचा फोटो काढा आणि तिथून मोजायला लागा.